टाकीत इथेनॉल आहेच, आता हिशेब शिका: नवख्या गाडीमालकासाठी

पेट्रोल महागलं की एक प्रश्न हमखास येतो: "इथेनॉलवर गाडी चालवली तर स्वस्त पडेल का हो?" खरं तर तुम्ही ती चालवताच आहात. आज आपल्याकडच्या बहुतेक पंपांवर साधं पेट्रोल म्हणून जे मिळतं ते ई२०, म्हणजे दर लिटरमागे साधारण २०० मिली इथेनॉल (ऊस किंवा धान्यापासून काढलेलं अल्कोहोल). ९५ ऑक्टेनचं (ऑक्टेन म्हणजे इंजिन न ठोकता इंधन किती दाब सोसतं त्याचा आकडा) प्रीमियम घेतलं म्हणजे इथेनॉल टळलं, असंही नाही. म्हणून नवख्या माणसानं इथेनॉल कुठे मिळतं हे शोधत बसू नये. जे टाकीत आहे ते आपल्या गाडीला मानवतं का आणि किलोमीटरला कितीला पडतं, हे मोजायला शिकावं. हा लेख त्यासाठी आहे. स्कूटर, मोटरसायकल किंवा पेट्रोल कार चालवणारा, मेकॅनिक नसलेला कुणीही यातलं सगळं करू शकतो.

हे आलं कुठून

आपल्या राज्याचा यात मोठा वाटा आहे. २००१ मध्ये इथेनॉलमिश्रित पेट्रोलची चाचणी देशात तीन ठिकाणी सुरू झाली. त्यांतली दोन महाराष्ट्रातली, मिरज आणि मनमाड. तिसरं उत्तर प्रदेशात बरेलीजवळचं आंवला. २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्के मिश्रण आलं आणि मग बरीच वर्षं गाडं तिथेच रुतून राहिलं. वेग आला तो २०१८च्या जैवइंधन धोरणानंतर. जून २०२२ मध्ये १० टक्के गाठले, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२० काही पंपांवर आलं आणि २०२५ मध्ये देशभर मिश्रण २० टक्क्यांच्या घरात पोचलं. या २० टक्क्यांची मूळ मुदत २०३० होती.

ऊसपट्ट्यातल्या वाचकाला पुढचं माहीत असेल, इतरांसाठी सांगतो. साखर करून उरलेल्या शेवटच्या मळीपासून (सी हेवी) टनभर उसामागे दहा-अकरा लिटर इथेनॉल मिळतं. साखर थोडी कमी काढून बी हेवी मळी वळवली तर वीसच्या आसपास, आणि रस थेट आसवनीत (इथेनॉल गाळायच्या प्रकल्पात) नेला तर सत्तरच्या आसपास. म्हणून कारखान्याला दर हंगामात ठरवावं लागतं, साखर किती आणि इथेनॉल किती. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाल्यानं साखर अपुरी पडेल या भीतीनं केंद्रानं रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आणले, तेव्हा कर्ज काढून आसवन्या उभारलेल्या कारखान्यांची चांगलीच अडचण झाली. त्यानंतर मका पुढे आला. आज देशातलं निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्यापासून होतं.

पहिली पायरी: आपली गाडी कोणत्या गटात, ते ठरवा

आरसी हातात घ्या आणि गाडी कधी बनली ते पाहा. एप्रिल २०२३ पासून बीएस-६चा, म्हणजे गाड्यांच्या धुराच्या नियमांचा, दुसरा टप्पा लागू झाला. तेव्हापासूनच्या गाड्यांचे इंधनाशी संबंध येणारे भाग, म्हणजे रबर, सील, नळ्या, पंप, ई२०ला टिकतील असे असतात. पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा टाकीवर 'ई२०' असा स्टिकर बहुधा दिसतो. मॅन्युअलमध्ये इंधनाचं पान असतं, तेही वाचा. कुठलं मिश्रण चालतं ते तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.

गाडी त्याआधीची असेल तर घाबरू नका, पण गृहीतही धरू नका. काही कंपन्यांनी २०२३च्या आधीपासूनच ई२० चालणारे भाग बसवले होते, काहींनी नाही. कंपनीच्या ग्राहक सेवेला मॉडेल आणि चॅसी नंबर देऊन ईमेल करा आणि उत्तर लेखी मागा. "चालतं हो, काही होत नाही" हे सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर तोंडी मिळालेलं उत्तर पुढे वॉरंटीच्या वेळी उपयोगी पडत नाही.

तिसरा गट कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळणारा जुना यांत्रिक भाग) गाड्यांचा. जुन्या स्कूटर, जुन्या बाइक, घरात जपून ठेवलेली वडिलांची गाडी. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हवा-पेट्रोलचं प्रमाण बऱ्याच अंशी जुळवून घेतो, कार्ब्युरेटरला ते जमत नाही. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. त्यामुळे जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) तेच ठेवलं तर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी: सकाळी चोक जास्त वेळ ओढावा लागतो, पिकअपला गाडी मागे ओढल्यासारखी वाटते, इंजिन जास्त तापतं. जाणता मेकॅनिक मिश्रणाचा स्क्रू किंवा जेट बदलून हे बऱ्यापैकी सुधारतो.

दुसरी पायरी: ॲव्हरेज खरं मोजा

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ आहे. एक म्हणतो माझं ॲव्हरेज निम्म्यावर आलं, दुसरा म्हणतो काहीच फरक नाही, आणि मोजलेलं दोघांनीही नसतं. डॅशबोर्डवरचा आकडा अंदाज असतो, आणि रिझर्व्ह लागेपर्यंतचा हिशेब त्याहून ढोबळ.

टाकी फुल ते टाकी फुल, हीच पद्धत वापरा. नेहमीच्या पंपावर, शक्य तर त्याच नोझलवर टाकी भरा. कारला पहिल्यांदा नोझल आपोआप बंद पडलं की थांबा, वर "राउंड फिगर" करू नका. दुचाकी मेन स्टँडवर उभी करा आणि टाकीच्या गळ्यातल्या एका ठरावीक खुणेपर्यंत भरा. ट्रिप मीटर शून्य करा. नेहमीसारखी चालवा. पुन्हा तिथेच, त्याच खुणेपर्यंत भरा. किती किलोमीटर झाले भागिले किती लिटर बसलं, हे तुमचं ॲव्हरेज. एका टाकीवरून काही ठरवू नका. सलग तीन-चार टाक्या मोजा, टायरची हवा दर वेळी तपासा, आणि मधे घाटाची मोठी सहल झाली असेल तर ती टाकी हिशेबातून सोडा.

आता अपेक्षा किती धरायची? लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे ई२०मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण सहा-सात टक्के कमी येते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात दिलेले अंदाज असे: शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१०ला जुळवलेल्या चारचाकीला ६ ते ७ टक्के घट, तशाच दुचाकीला ३ ते ४ टक्के, आणि ई१०साठी बनवून ई२०ला जुळवलेल्या चारचाकीला १ ते २ टक्के. तुमची घट यापेक्षा खूप जास्त, म्हणजे १५-२० टक्के असेल, तर सगळा दोष इथेनॉलवर ढकलून बसू नका. एअर फिल्टर, स्पार्क प्लग, घासणारे ब्रेक, घसरणारा क्लच हे आधी पाहून घ्या.

इथेनॉलची एक जमेची बाजूही आहे. त्याचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच जास्त, १०८च्या आसपास. ई२०चा ऑक्टेन त्यामुळे वाढतो आणि चढावर इंजिन ठोकायची शक्यता कमी होते. पण याचा फायदा पूर्ण उचलायला जास्त दाबाचं, त्यासाठीच बनवलेलं इंजिन लागतं. जुन्या इंजिनात तो वाया जातो.

तिसरी पायरी: लिटर सोडा, किलोमीटरचा भाव काढा

पेट्रोल १०४ रुपये लिटर धरू. स्कूटर ४५चं ॲव्हरेज देत होती, आता ४३ देते. आधी किलोमीटरला २ रुपये ३१ पैसे पडत होते, आता २ रुपये ४२ पैसे. महिन्याला ५०० किलोमीटर फिरणाऱ्याचे ५४ रुपये जास्त गेले. कार महिन्याला १,००० किलोमीटर फिरत असेल आणि १६चं ॲव्हरेज १५वर आलं, तर ६,५०० रुपयांचे ६,९३३ होतात. हे आकडे तुमच्या वहीत तुमच्या गाडीचे लिहा. मग भांडताना किंवा गाडी बदलायचं ठरवताना हातात काहीतरी असतं.

मग ई२० स्वस्त का नाही? तेल कंपन्यांना इथेनॉल स्वस्त पडत नाही म्हणून. २०२४-२५च्या पुरवठा वर्षात ते वाहतूक आणि जीएसटी धरून सरासरी ७१.३२ रुपये लिटरनं पडलं, असं पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. रिफायनरीतून कर लागण्याआधी निघणाऱ्या पेट्रोलपेक्षा हा भाव जास्त आहे. योजनेचा फायदा ऊस आणि मका उत्पादकाला, कारखान्याला, आणि देशाच्या कच्च्या तेलाच्या आयातीच्या बिलाला होतो. तो खरा फायदा आहे, मी तो नाकारत नाही. एफआरपी (उसाचा केंद्रानं ठरवलेला किमान भाव) वेळेवर मिळणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना विचारा. पण ऊर्जा कमी असलेलं इंधन त्याच भावात घेणाऱ्या ग्राहकालाही काही मिळायला हवं होतं. अशा इंधनाचा भाव साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावा, ही शिफारस त्याच २०२१च्या आराखड्यात आहे. ती अमलात यावी असं मला मनापासून वाटतं, आणि ही मागणी आपण करत राहिली पाहिजे.

चौथी पायरी: रबर, फिल्टर आणि पाणी

इथेनॉल चांगलं द्रावक आहे. जुन्या टाकीत वर्षानुवर्षं बसलेला चिकटा ते सोडवतं आणि तो सगळा फिल्टरमध्ये जाऊन बसतो. म्हणून जुन्या गाडीचा फ्युएल फिल्टर बदलून घ्या. बऱ्याच बाइकना तो स्वस्तात मिळतो. मग पेट्रोलच्या नळीला बोट लावून पाहा. चांगली नळी घट्ट आणि लवचीक लागते. बोटाला काळं लागलं, नळी फुगून मऊ झाली असेल, किंवा वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या, तर ती गेली. बदलताना साधी रबरी नळी न घेता इथेनॉलला टिकणारी मागा. दुकानदाराला "ई२०ला चालणारी" एवढं सांगितलं तरी पुरतं. कार्ब्युरेटर उघडला असेल तर ओ-रिंग आणि फ्लोट चेंबरचं (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठणारी वाटी) गॅस्केटही त्याच वेळी बदला. मजुरी दोनदा देऊ नका.

पाण्याचा मुद्दा कोकणात आणि घाटमाथ्यावर फार महत्त्वाचा. शुद्ध पेट्रोल पाणी धरत नाही. इथेनॉल हवेतली ओलही ओढतं, आणि ठरावीक मर्यादेपर्यंत ते पाणी मिश्रणात विरघळून जळूनही जातं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र खाली बसतं आणि वर कमी ऑक्टेनचं पेट्रोल उरतं. इंजिन ओढतं तळातून. गाडी सुरू होते, दोन मिनिटांत बंद पडते, पुन्हा सुरू होत नाही. असं झालं तर स्टार्टर मारत बसू नका. टाकी पूर्ण रिकामी करून घ्या आणि कार्ब्युरेटर असेल तर फ्लोट चेंबरच्या तळाचा स्क्रू ढिला करून त्यातलंही काढा. वर नवं पेट्रोल ओतून हे सुटत नाही, खाली बसलेलं तसंच राहतं.

ही वेळ येऊ नये म्हणून टाकीच्या झाकणाचं रबर तपासा, गाडी उघड्यावर असेल तर झाकण कापडानं झाका. पावसाळ्यात महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर धातूची टाकी काठोकाठ भरून ठेवा. आत हवा कमी, तर ओल कमी आणि गंजही कमी. कार्ब्युरेटरचा पेट्रोल कॉक बंद करून त्यातलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा.

गवत कापायचं मशीन आणि पेट्रोलवरचा फवारणी पंप यांची तर आवर्जून काळजी घ्या. हंगाम संपला की ऑइल मिसळलेलं पेट्रोल तसंच टाकीत ठेवून मशीन माळ्यावर जातं, आणि पुढच्या पावसाळ्यात कार्ब्युरेटरमध्ये चिकटा आणि कडक झालेला पडदा निघतो. टाकी रिकामी करा, मशीन बंद पडेपर्यंत चालवा, मग ठेवा. पुढच्या वर्षी ताजं पेट्रोल, ताजं मिश्रण.

पाचवी पायरी: पंपावर काय मागायचं

ग्राहक म्हणून तुम्ही फिल्टर पेपरची चाचणी, घनतेची तपासणी आणि पाच लिटरच्या शिक्का मारलेल्या मापानं मोजणी मागू शकता. त्याचे पैसे लागत नाहीत. जोराचा पाऊस होऊन पंपाच्या आवारात पाणी साचलं असेल तर दोन दिवस दुसरीकडे भरा, कारण जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलं तर ई२०मध्ये ते लपून बसतं. बिल घ्या. कागदी नको तर ऑनलाइन पैसे द्या, म्हणजे तारीख आणि रक्कम राहते. पुढे इंजिनात पाणी निघालं तर तक्रारीचा आधार तोच.

इथेनॉल किती आहे हे स्वतः पाहायचं असेल तर १०० मिलीची खुणांची, झाकण असलेली काचेची नळी घ्या. उघड्या हवेत, विडी-काडी, स्वयंपाकाची शेगडी आणि चालू मोबाइल दूर ठेवून, त्यात २० मिली पाणी आणि ८० मिली पेट्रोल घाला. मिनिटभर हलवा, मधेमधे झाकण सैल करून वाफ सोडा, मग दहा मिनिटं स्थिर ठेवा. पेट्रोलमधलं इथेनॉल खालच्या पाण्यात उतरतं आणि दोन थरांमधली रेघ वर सरकते. २०वर असलेली रेघ ३५-३६च्या आसपास गेली, तर जवळपास १६ मिली इथेनॉल उतरलं, म्हणजे ८० मिलीत २० टक्के. ही प्रयोगशाळेची चाचणी नाही, तक्रारीत पुरावा म्हणून धरतीलच असं नाही. पण रेघ चाळीसच्या वर गेली तर त्या पंपावर पुन्हा जाण्याआधी विचार करा. उरलेलं मिश्रण टाकीत परत ओतू नका आणि गटारातही नको. गॅरेजच्या टाकाऊ इंधनाच्या डब्यात द्या.

सहावी पायरी: ई८५, ई१०० कधी?

मार्च २०२४ मध्ये इंडियन ऑइलनं महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या १८३ पंपांवर ई१००, म्हणजे जवळपास निव्वळ इथेनॉल, विकायला सुरुवात केली. ते साध्या गाडीत घालू नका. त्यासाठी फ्लेक्स-फ्युएल गाडी लागते, जिच्यातला संगणक टाकीत काय आहे ते ओळखून जास्त इंधन सोडतो आणि ठिणगीची वेळ बदलतो. अशा गाड्या आपल्याकडे अजून तुरळक आहेत.

घेण्याचा विचार असेल तर ब्राझीलचा नियम लक्षात ठेवा. तिथे १९७५ पासून उसाच्या इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, २००३ पासून फ्लेक्स गाड्या आहेत, आणि ऑगस्ट २०२५ पासून साध्या पेट्रोलमध्येच ३० टक्के इथेनॉल असतं. तिथला ग्राहक पंपावर दोन्ही भाव पाहतो आणि इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या भावाच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तरच ते भरतो. आपल्या भाषेत: पेट्रोल १०४ असेल तर ई१०० साधारण ७३ रुपयांच्या आत हवं. वर दिलेला ७१.३२चा खरेदी भाव यात ठेवून पाहा. त्यावर विक्रेत्याचं कमिशन, साठवण आणि कर चढले की बचत उरत नाही. करात सवलत आली तर चित्र बदलेल, तोवर फक्त पैसे वाचवायला ही गाडी घेऊ नका.

हे मुळीच करू नका

घरी इथेनॉल काढून गाडीत घालायचे व्हिडिओ फिरतात. पहिली गोष्ट, राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय आसवन करणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. दुसरी गोष्ट रसायनशास्त्राची. साध्या भट्टीतून कितीही वेळा काढलं तरी इथेनॉल ९५-९६ टक्क्यांच्या पुढे शुद्ध होत नाही, उरलेलं पाणी त्याला सोडत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायला ९९.५ टक्क्यांच्या वरचं लागतं, आणि त्यासाठी कारखान्यात मॉलिक्युलर सीव्हमधून (पाणी शोषून घेणारे सच्छिद्र खडे) इथेनॉलची वाफ न्यावी लागते. घरचं पाणीदार इथेनॉल टाकीत घातलं तर वर सांगितलेला पाण्याचा त्रास तुम्ही हातानं विकत घेता. सॅनिटायझर, स्पिरिट यांचंही तेच. मिथेनॉल तर हातातही घेऊ नका, ते विष आहे.

डिझेलवाले आणि गोठेवाले

डिझेलला पर्याय म्हणून ट्रॅक्टरमध्ये खाद्यतेल ओतू नका. ते घट्ट असतं, इंजेक्टरवर राळ बसते. खरं बायोडिझेल त्याच तेलावर रासायनिक प्रक्रिया करून, ग्लिसरीन वेगळं काढून होतं. रस्त्याकडेला बायोडिझेलच्या नावानं स्वस्तात मिळणारा द्रव बऱ्याचदा भलताच असतो, आणि पंप-इंजेक्टरचा खर्च वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट येतो. बायोडिझेलसाठी मोगली एरंडाच्या (जट्रोफा) लागवडीवर एकेकाळी खूप आशा होती. पडीक जमिनीवर अपेक्षित बी आलं नाही, म्हणून आज कुणी रोपं विकायला आलं तर आधी खरेदीचा लेखी करार मागा. हॉटेल चालवत असाल तर तळणीचं वापरलेलं तेल अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या योजनेतल्या नोंदणीकृत संकलकाला द्या. त्याचे पैसेही मिळतात आणि ते पुन्हा कुणाच्या कढईत जात नाही.

सीएनजी गाडी असेल तर शेण, प्रेसमड (साखर कारखान्यात रस गाळून उरलेला गाळ) आणि ओल्या कचऱ्यापासून होणारा कॉम्प्रेस्ड बायोगॅस तिच्यात कुठलाही बदल न करता चालतो. आणि ज्याच्या गोठ्यात चार-पाच जनावरं आहेत त्यानं पेट्रोलचा विचार बाजूला ठेवून आधी गोबरगॅसचा करावा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण ५० किलो ताजं शेण आणि तितकंच पाणी लागतं. नीट चाललं तर त्यातून रोज पाऊण किलोहून जास्त एलपीजीइतका गॅस मिळतो, म्हणजे घरगुती सिलिंडर सोळा-सतरा दिवसांना एक वाचतो. थंडीत गॅस कमी होतो, तेव्हा कोमट पाणी वापरा आणि संयंत्र उन्हाच्या जागी बांधा. स्लरी, म्हणजे उरलेला शेणकाला, शेतात जाते. बांधण्याआधी पंचायत समितीच्या कृषी विभागात अनुदानाची चौकशी करा, कारण बांधकाम झाल्यावर केलेला अर्ज अनेकदा फेटाळला जातो.